कपॅसिटर बँकेची टेस्ट आणि माझं मार्गदर्शन

१० फेब्रुवारी, मंगळवार
कपॅसिटर बँक चालू-बंद करणारा नवा ब्रेकर बसला. बँक, म्हणजे कपॅसिटरांचा संच, चालली की कळंबच्या पंपांना पुरेसं व्होल्टेज. सध्या कांदा तहानलेला आणि मोटारी नुसत्या गुरगुरतात. शुक्रवारी टेस्ट. सबस्टेशनचा इंजिनिअर मी, म्हणजे टेस्ट माझीच. आज मॅन्युअल पूर्ण वाचायचं.

११ फेब्रुवारी
मॅन्युअलचं कव्हर छान आहे. बाकी अनुभवाने कळतंच. सरपंच दादाभाऊंना टेस्ट बघायला बोलावलं. बायको म्हणाली, आधी एकदा गुपचूप करून बघा. मंगलला टेक्निकल कळत नाही. वीस मिनिटांचं भाषण तयार.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
निम्मं गाव आलं. बटण दाबलं, ब्रेकर खाडकन लागला. टाळ्या. बंद केला. परत टाळ्या. लगेच पुन्हा चालू करायला गेलो, तर ढिम्म! दादाभाऊ म्हणाले, राव, रुसला का काय? ब्रेकर डिफेक्टिव्ह असल्याचं जाहीर केलं. कंपनीला कडक मेल. भाषणाआधीच लोक पांगले.

१६ फेब्रुवारी, सोमवार
कंपनीने इंजिनिअर पाठवली. समृद्धी नाव, वय पंचवीसेक. माझ्या मेलच्या मानाने वय कमी वाटलं. म्हणाली, सर, बंद केल्यावर कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. तो उतरेपर्यंत दहा मिनिटं ब्रेकर मुद्दामच लागत नाही. लागला असता तर बँक उडाली असती. मी म्हणालो, तेच तर तपासत होतो. ती हसली नाही. गुणी मुलगी.
चूक खरं तर गावाची. भाषण ऐकलं असतं तर ब्रेकर आपोआप लागला असता.

१७ फेब्रुवारी
दिवसभर चालू, बंद, थांबा. बंद होताना आत ठिणगी पुन्हा पेटते का, ते समृद्धी मीटरवर बघत होती. एकदाही नाही. घड्याळ मी सांभाळलं. जबाबदारीचं काम. जेवणानंतर जरा डोळा लागला, पण वेळ काय, जातच असतो. ब्रेकर पास! बँक चालू.

१८ फेब्रुवारी
दादाभाऊंचा फोन. मोटारीचं लई पाणी पडतंय, राव, मळ्यात या, सत्कार ठेवलाय. मी नको नको म्हणालो. एकदाच. इस्त्रीला कपडे दिले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
सत्कार थाटात झाला. शाल, नारळ, फेटा, सगळं समृद्धीला. दादाभाऊंनी मला हाताला धरून पुढे नेलं. मग म्हणाले, साहेब, तुमी जरा मागं सरा, समदी मानसं मावली पायजेत. आणि मोबाईल हातात दिला.
बांधापर्यंत मागे गेलो. फोटोत सगळे मावले.