आत्याची जागा

ताबोनमाई
दि. ४ फेब्रुवारी

चि. आरेतास,
अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की फोन लागतो तो फक्त शाळेजवळ, आणि तिथं उभं राहून बोललं की निम्मं गाव ऐकतं. काही गोष्टी कागदावरच बऱ्या.

गावात एक कंपनी आली आहे. तिला बोटींसाठी बेटाभोवतीच्या खडकातून वाट खणायची आहे. मागच्या वर्षी ओहोटीत बोट अडकून बाळंतीण दगावली, ती कौतू आजोबांची नात होती. तेव्हापासून त्यांना ही वाट हवीच आहे, आणि गावात सर्वांत वडील तेच. त्यांना दोष कसा द्यावा? पण आखलेली वाट नेमकी बायकांच्या शिंपल्यांच्या पुळणीतून जाते. तेब्वेबे आत्याचं पोट त्याच पुळणीवर आहे. तिच्या म्हणण्यानं वाट खणली की पाणी जोरानं धावेल आणि शिंपल्या राहणार नाहीत.

मानेआबाच्या छपराखाली सगळं गाव सभेला जमलं तेव्हा आत्या नेहमीप्रमाणे आपल्या घराण्याच्या खांबाखाली माझ्या मागं बसली होती. बाई तिथं बोलत नाही, हे तुला ठाऊकच आहे. मी बोलावं म्हणून ती माझ्या पाठीत बोट खुपसत राहिली. मी थोडं बोललो, पण मला पुळणीतलं काय कळतं? मी मासे धरणारा माणूस. घरी आल्यावर म्हणाली की पाठ रुंद आहे पण आत काही शिरत नाही. निर्णय ईस्टरनंतर व्हायचा आहे.

तू वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना उचलताना स्वतःची कंबर सांभाळ. तिथल्या धावपळीत प्रार्थना चुकवू नकोस.
तुझा दादा,
बिरिबो

टूवूम्बा, क्वीन्सलँड
दि. १९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून मला राहवलं नाही. नाताळला आले होते तेव्हा मानेआबात पेंगणाऱ्या म्हाताऱ्यांचा एक फोटो काढला होता. तो काल इंटरनेटवरच्या माझ्या पानावर टाकला आणि खाली लिहिलं की हे झोपलेत आणि आमच्या बायकांचं ताट विकलं जातंय. दादा, तो हजारो लोकांनी पुढं पाठवला! फिजीतून, ऑकलंडहून अनोळखी बायका लिहिताहेत की आमच्याकडेही असंच चालतं. एका बातमीदारानं माझी मुलाखत मागितली आहे.

आत्याला सांग की तिच्या पुळणीचं नाव आता जगाला माहीत झालं. आणि तू थोडंच का बोललास रे? एवढा मोठा आवाज देवानं काय फक्त भजनं गायला दिलाय?
तुझी लाडकी (निदान मी तरी तसं समजते),
आरेता

ताबोनमाई
दि. ८ मार्च

चि. आरेतास,
आशीर्वाद. रागावून लिहीत नाही. लिहायला बसण्याआधी प्रार्थना केली, तेव्हा राग खाली बसला.

तो फोटो गावात पोचला. कौतू आजोबांच्या मुलीनं तो त्यांना दाखवला. त्यांनी तो जवळ धरून पाहिला आणि एवढंच विचारलं की ही मुलगी कुठल्या जागेवरून बोलली? त्या दिवशी म्हातारे पेंगत होते, कारण आदल्या रात्री ते सगळे एका मयताच्या घरी जागले होते. तू तेव्हा बेटावरच होतीस. विसरलीस?

आता मानेआबात फोन आणायला बंदी झाली आहे. बाकीच्या बायका आत्याबरोबर पुळणीवर जात नाहीत. भाचीला तिनंच शिकवलं असणार, असं त्या म्हणतात. आत्या एकटी जाते. मी सोबत येतो म्हटलं तर म्हणाली की तुझ्या पायाखाली शिंपल्या मरतील.

आरेता, तुझं म्हणणं खोटं नाही. पण ज्यांना पटवायचंय त्यांना आपण जगापुढं हसवलं. फोटो काढून टाकशील का?
तुझा दादा,
बिरिबो

टूवूम्बा
दि. २१ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. फोटो काढून टाकला. बातमीदारालाही नाही म्हटलं. त्या मयताचं मी खरंच विसरले होते, आणि हे आठवून मला रडू आलं. कौतू आजोबांना माझ्या आवाजात माफीचा निरोप पाठवला आहे. अजून उत्तर नाही.

आता फक्त आपल्या गावच्या माणसांसाठी फोनवर एक गट उघडला आहे. गावातले, राजधानीतले, बोटीवरचे, इथले, सगळे त्यात आहेत. मी लिहिलं की वाटेबद्दल मोकळेपणानं बोला, इथं सगळे सारखे. दादा, एक माणूस बोलेल तर शपथ! रविवारच्या शुभेच्छा येतात, फुलांची चित्रं येतात, कोणाच्या तरी डुकराचा फोटो येतो. कामाचा शब्द नाही. मी काय चुकले?
तुझी,
आरेता

ताबोनमाई
दि. ३० मार्च

चि. आरेतास,
आशीर्वाद. टपालाचं विमान निघायच्या घाईत लिहितो. काय चुकलं ते मला सांगता येत नाही, पण आत्याला तुझा गट दाखवला तेव्हा तिनं फोन उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं की यात मी बसू कुठं? मी म्हटलं, कुठंही बस. त्यावर म्हणाली की कुठंही बसायला ती काय कोंबडी आहे?
बिरिबो

टूवूम्बा
दि. ७ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि. आत्याच्या पायांवर माझं डोकं ठेव. कौतू आजोबांनीही तेच विचारलं होतं आणि मला तो टोमणा वाटला होता. सगळे सारखे म्हणून मी सगळ्यांना उघड्यावर उभं केलं. ज्याला जागा नाही तो आपल्याकडे तोंड कसं उघडेल?

म्हणून गट नव्यानं मांडला आहे. मानेआबात जशी घराण्यांची जागा तशीच इथं, खांबाखांबाप्रमाणे. ज्या घराण्याचा पहिला मान, त्यानं आधी बोलायचं, मग पुढच्यानं. लिहायचं नाही, आवाजातच बोलायचं, म्हणजे म्हाताऱ्यांनाही जमेल. एकच भर मी घातली आहे. घराण्याचा वडील बोलून झाला की त्याच्या मागं बसलेल्यांनी त्याच जागेवरून बोलायचं, बाई असो की पोर. आधी कौतू आजोबांची परवानगी मागितली. या वेळी उत्तर आलं. म्हणाले की मागं बसणाऱ्यांना तोंड असतं हे त्यांना बायकोमुळं माहीत आहे!

आता तू बोल, दादा. तू बोलल्याशिवाय आत्याला बोलता यायचं नाही.
तुझी,
आरेता

ताबोनमाई
दि. ५ मे

चि. आरेतास,
अनेक उत्तम आशीर्वाद. काय झालं ते तुला फोनवर पाच जणांनी सांगितलं असेल. तरी माझ्याकडून ऐक.

तुझ्या गटावर सगळी घराणी बोलली ते तू ऐकलंसच. माझं बोलणं मला स्वतःला मिळमिळीत वाटलं. मग आत्या बोलली. आपण समुद्राकडच्या खांबाखाली बिरिबोच्या मागं बसलोय, असं सांगून तिनं सुरुवात केली. तिची आई तिला त्या पुळणीवर कशी घेऊन गेली, पाणी हळू येतं जातं म्हणून शिंपल्या कशा तिथं राहतात, सगळं सांगितलं. कौतूच्या नातीला आपणच न्हाऊ घातलं होतं, तिच्यासाठी आपणही रडलो, तेव्हा बोटीला वाट हवीच, असंही म्हणाली. मग म्हणाली की ती वाट... आणि तिथं आवाज तुटला. आम्ही समजलो, आवाज भरायच्या बटणावरचा अंगठा सुटला. पुन्हा बोल म्हटलं तर ऐकेना. बोलले ते बोलले, म्हणाली.

काल सभा भरली. सगळे खाली वाकून आत आले, बसले. कौतू आजोबांनी इकडंतिकडं पाहिलं आणि मला म्हणाले की फोन घरी जाऊन घेऊन ये. ज्यांनी बंदी घातली त्यांनीच मागवला. मी आणला. त्यांनी तो आपल्या घराण्याच्या जागेवर, माझ्यापुढं चटईवर ठेवायला लावला आणि आत्याचं बोलणं सुरू करायला सांगितलं. आत्या माझ्या मागं मान खाली घालून बसलेली, आणि तिचा आवाज माझ्या पुढून येतोय. बाई बोलत नव्हती, फोन बोलत होता, त्यामुळं कोणाला हरकत घेता येईना. शेवटी ती वाट... पाशी आवाज थांबला.

कौतू आजोबांनी फोनकडं पाहिलंच नाही. माझ्या खांद्यावरून मागं पाहून ते म्हणाले की मग पुढं, तेब्वेबे?

आरेता, मी देवाचं नाव घेतलं. माझ्या पाठीला बोट लागलं. पण या वेळी ते मला बोल म्हणत नव्हतं, बाजूला हो म्हणत होतं. मी सरकलो. आत्या पुढं येऊन बसली आणि म्हणाली की वाट जुन्या दगडी सापळ्यातून काढा. तिथं पाणी आधीच खोल आहे आणि शिंपली एकही नाही.

तो मासे धरायचा सापळा कौतू आजोबांच्याही आजोबांनी रचलेला. त्यांच्या घराण्याचा मान आहे तो. तेव्हा मला कळलं की अंगठा सुटला नव्हता. पुढचं वाक्य त्यांच्या तोंडावर बोलायचं म्हणून तिनं ते राखून ठेवलं होतं.

आजोबांनी चटईवरचा फोन उचलून माझ्या हातात दिला. मग म्हणाले की फोनमधून हे ऐकलं असतं तर आपण नाहीच म्हटलं असतं. आपला सापळा घ्यावा, पुळणीला हात लावू नये, असं कंपनीला कळवा. त्यांचे डोळे भरले होते. आत्यानं त्यांच्याकडं पाहिलं नाही, हे तिनं बरं केलं.

कंपनी काय म्हणते ते बघू. ती नाही म्हणाली तर पुन्हा बसू. आत्या मात्र आता मागं जायला तयार नाही. पुढंच बसते, माझ्या बाजूला, आणि मी जांभई दिली तर कोपर मारते. आजच्या प्रार्थनेत मला पाठ फार मोकळी वाटली.

लोभ आहेच, तो तिथल्या थंडीतही ऊबदार ठेव.
तुझा दादा,
बिरिबो

ता. क. आत्या विचारते आहे की तुझी जागा कुठली. मी सांगितलं, आम्हा दोघांच्या मधे, पण आल्यावर.