दुबेचं वेळापत्रक

गुरुवार, संध्याकाळ

माझ्यासोबत प्रोग्राम लिहिणाऱ्या दुबेचा तो शब्द अजून डोक्यात आहे. सगळ्या ऑफिससमोर म्हणाला, "दादा, आपका प्रोग्राम नहीं, खिचड़ी है." सगळे हसले. शाळेचा तो प्रोग्राम दर शनिवारी बंद पडतो, कारण दुबेने लिहिलेल्या वेळापत्रकाच्या भागाला शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा समजत नाही. पण सारं एकातच गुंतलेलं, म्हणून बोल मला.

आज गुंता सोडवून संपवला. प्रवेश, हजेरी, वेळापत्रक, निकाल, प्रत्येक भाग वेगळा. एक अडला तर बाकीचे चालतील, आणि अडलेल्या भागाचं नाव, लिहिणाऱ्याच्या नावासकट, पडद्यावर येईल. माझ्या भागांवर माझं नाव आहेच. दुबेच्या भागातलं एक अक्षर बदललं नाही. चूक दाखवता आली असती. नाही दाखवली. हा सूड आहे का? असू दे. खिचडी म्हणाला होता.

नर्मदामाईच्या फोटोपुढे दिवा लावला, पण क्षमा मागवेना.

ही म्हणाली, "देवापुढे काहून हसून राहिले?"

"काही नाही."

प्राचार्यांना प्रोग्राम दाखवायचा आहे. दुबेला म्हटलं, "दुबेजी, आप ही दिखाइए." खूश झाला. शनिवार मी ठरवला.