सशाची मऊ लेंडी

सटाणा, १२ जानेवारी २००३

छायाताई,

वाटणी झाल्यापासून आपण बोललो नव्हतो. आतड्यांना सूज येऊन माझे नऊ ससे गेले. डॉक्टर म्हणाले, "निरोगी सशाची पहाटेची मऊ लेंडी चारून बघा, तिच्यात आतड्यांना लागणारे चांगले जंतू असतात." ती मी तुमच्या पिंजऱ्यातून चोरली. संध्याकाळी, उरलेल्यांतली मान टाकलेली मादी उठून गवत चावायला लागली. एवढ्याशा लेंडीत एवढा जीव! मी बघतच राहिले.

दुसऱ्या पहाटे पुन्हा आले, तर तुम्ही वाटी घेऊन पिंजऱ्यापाशी उभ्या. "मंजुळा, ताज्या हायेत तवर ने."

म्हणजे आदल्या दिवशी तुम्ही मला पाहिलं होतं. मी वाटी घेऊन घरी आले. मादीपेक्षा मला तुमचंच नवल वाटलं, हे तोंडावर कसं सांगू?

तुमची धाकटी जाऊ,
मंजुळा