बाबांच्या होडीतली माझी जागा

३ नोव्हेंबर, वैशाली नगर
गच्चीवर रॉड जोडून पाहिला. टोकाला शिसं बांधून टाकीकडे फेकलं ते थेट शेजारच्या पापडांवर. घरमालकीण : "भैया, जयपुर में कौन सी मछली पकड़ोगे?" हसा. २१ला मी मालवणात, बाबांच्या होडीत. दिवाळीनंतर सुरमई खडकांजवळ येते. हौशी गळवाल्यांना न्यायचा हा बाबांचा शेवटचा सीझन, गुडघे गेलेत. "फुडल्या वर्सा होडी इकतलंय." रजा ऑगस्टपासून सांगून ठेवलीय.

७ नोव्हें.
रजा नामंजूर. मॅनेजर सक्सेना म्हणे, क्लायंट येतोय, टीममधलं कुणीच हलायचं नाही. कुणीच! डोकं फिरलंय. बाबांना सांगितलं. "बरां," म्हणाले आणि फोन ठेवला.

१२ नोव्हें.
बाबांचा फोन, खुशीत. "तुझो सायब येता २१ तारखेक. तुझ्या जाग्यार बसयतंय तेंका, माझ्या बाजूक."
सक्सेना! टीम हलायची नाही, हा हलणार. आणि नंबर कुणी दिला? मीच. जेवणाच्या सुट्टीत सुरमईचा व्हिडिओ दाखवत हिंडलो, म्हटलं बाबांना गिऱ्हाईक मिळेल. आपल्याच हाताने पायावर धोंडा. माझी रजा यानेच नाकारली हे सांगितलं तर बाबा त्याला किनाऱ्यावरूनच परत पाठवतील. नाही सांगितलं. पोराचा साहेब म्हणून आई दोन दिवस घर सारवतेय.

२२ नोव्हें.
ऑफिसच्या ग्रुपवर फोटो. सक्सेना, माझा जुना रॉड, हातात कमरेएवढी सुरमई. बाबांचं फक्त कोपर दिसतंय. सगळ्यांनी अंगठे टाकले. मीही टाकला. थू माझ्यावर.

२५ नोव्हें.
केबिनमध्ये बोलावलं. "तुम्हारे पापा कमाल के आदमी हैं यार. दिनभर पूछते रहे, लड़का कब आएगा."
"मग सर, मी कधी जाऊ?"
"जनवरी में देखते हैं."
माणूस आहे का हा? बाबांशेजारी दिवसभर बसून हे ऐकलं, आणि जानेवारी!

२६ नोव्हें.
बाबा : "मासो मोठो होतो. तेंका खेचूक जमूक नाय, मियाच खेचलंय. आता उठाक होयना. तू बेगीन ये, नायतर..." पुढे नुसता खोकला.
शुक्रवारचं तिकीट काढलं. सक्सेनाला मेल केला. या वेळी विचारलं नाही, कळवलं. त्याने वाचलाय. दुपारपासून केबिनचं दार बंद आहे.