आई, ही गोळी आज

३ जून
फार्मासिस्टांसाठीच्या ऑनलाइन अध्यापन प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. हॉस्पिटलच्या औषधखिडकीतून इतकी वर्षं लोकांना नुसतं ओरडून सांगितलं, आता शिकवणार. बायको म्हणाली, घरात तरी वेगळं काय करतोस? दुर्लक्ष केलं. शिक्षकाला संयम हवा.

८ जून
परीक्षेसाठी व्हिडिओ पाठवायचाय: एका रुग्णाला औषध नीट समजावून देणं. रुग्ण घरातच आहे. आईला सांध्यांसाठी नवी गोळी सुरू झालीय, आठवड्यातून एकदाच. जास्त झाली तर जिवावर बेतते. विषय उत्तम.

९ जून, संध्याकाळ
गोळीऐवजी पेपरमिंट वापरावं का, यावर बराच विचार केला. ती फसवणूक ठरेल. खरी गोळी आईच्या हातावर ठेवली. म्हणालो, आई, ही गोळी आज घ्यायची, मग थेट पुढच्या आठवड्यात. तिने मान डोलावली. छान! पण पंख्याचा आवाज आलाय. उद्या पुन्हा.

१० जून
पडद्याची दांडी आईच्या डोक्यातून उगवल्यासारखी दिसते. उद्या पुन्हा.

११ जून
‘आज’वर जोर कमी पडला. कॅमेरा बंद झाला की रेकॉर्डिंग तपासायला मी तडक आतल्या खोलीत जातो. शिस्त म्हणजे शिस्त.

१३ जून
आई आता चांगली सरावलीय. मी बोलायच्या आत हात पुढे करते. विद्यार्थी असा हवा. बायको म्हणते, आई धड जेवत नाहीत. वयाचं असतं. आपण हयगय तर करत नाही ना, असं स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. नाही.

१५ जून
सर्वांत चांगला टेक वाया गेला. मी सांगत होतो, तोंड आलं तर लगेच कळवायचं. तर आई मध्येच म्हणाली, आलंय की रे. हे वाक्य तिचं नाही, असं शांतपणे समजावलं. बिचारी ओशाळली. पुन्हा घेतला. पाठवला.

१७ जून, दुपार
आई हॉस्पिटलमध्ये. माझ्याच. रक्तातल्या पेशी घसरल्यात. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ही गोळी रोज कोण देत होतं? मी ठणकावून सांगितलं, आठवड्याला एकच, मी स्वतः समजावलंय. बायकोने पर्समधून रिकामी स्ट्रिप काढून टेबलावर ठेवली. आई पुटपुटली, रोज तूच तर हातावर ठेवून आज घे म्हणायचास. आठवड्याचं ते कॅमेऱ्यापुरतं असेल, असं तिला वाटलं होतं.

१९ जून
उत्तीर्ण. शेरा: संवाद विशेष प्रभावी.
आई अजून धोक्याबाहेर नाही. सकाळी सिस्टर दुसरीच कुठली गोळी घेऊन आल्या. मी ग्लास भरून पुढे झालो. आईने ओठ घट्ट मिटले. मग माझ्याकडे न बघता सिस्टरना म्हणाली, आधी ह्याला बाहेर पाठवा, नाहीतर परत परत घ्यायला लावेल. सिस्टर हसल्या. आई हसली नाही.
बाहेर आलो. पाण्याचा ग्लास माझ्या हातातच राहिला होता.