बर्नर शांत होईपर्यंत चहा बंद

३ ऑगस्ट, सकाळी ७.
चार वर्षं खपून बनवलेलं माझं दीड फुटी पितळी वाफेचं इंजिन आज पहिल्यांदा पेटलं. चालतं झकास! गॅसचा बर्नर तेवढा किंचित आवाज करतो. यंदा चतुर्थीला ते गणपतीपुढे, फळं-पानं टांगलेल्या माटवीखाली गोल रुळांवर फिरणार. अख्खं इन्सुली गाव बघायला लोटेल. रिटायर्ड विज्ञान मास्तर काय चीज असतो ते कळू दे सगळ्यांना.

७.२०.
बायको, यशोदा, धावत आली. कोणाचो रेडो सुटलो, विचारत होती. इंजिन दाखवलं. आवाज आरतीच्या वर गेलो तर ह्या मांगरातल्या अडगळीत जातला, शेणींच्या बाजूक, म्हणाली. बायकांना ध्वनिशास्त्र कळत नाही. चतुर्थी २७ ला. मला दोन दिवस पुरेत.
संकल्प: बर्नर शांत होईपर्यंत चहा बंद.

४ ऑगस्ट.
चहा घेतला. डोकं चालायला लागतं.

६ ऑगस्ट.
निदान झालं. हवा जास्त जाते. बर्नरची भोकं पत्र्याच्या पट्टीने झाकली. आवाज गेला. ज्योतही गेली. वाकून बघितलं तर परत आली. डावी मिशी गेली. समतोलासाठी उजवी काढली. यशोदा म्हणाली, बरा झाला.

११ ऑगस्ट.
परदेशात बर्नरच्या नळीत बारीक जाळी घालतात. व्हिडिओत पाहिलं. स्वयंपाकघरातली तारेची घासणी कोंबली. आता हंबरण्याऐवजी शिट्टी वाजते. ही प्रगतीच. यशोदा दुपारभर घासणी शोधत होती. मीही शोधू लागलो.

१७ ऑगस्ट.
शेजारचा धोंडू आला. वाडीत सणाला देवापुढे सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं तोच घालतो. मास्तरानू, ह्या बंद करा, नायतर आमची म्हस दूध देवची नाय, म्हणाला. मी त्याला अर्धा तास अनुनाद समजावला. मधेच उठून गेला. पटलं असावं.

२२ ऑगस्ट.
बर्नरचा जेट, म्हणजे गॅस सोडणारं बारीक तोंड, बदलला. चाचणी घेतली. आवाज थेट निम्मा! नंतर लक्षात आलं, कानात कापूस राहिला होता. तरी निम्मा म्हणजे निम्मा.

२६ ऑगस्ट.
विहिरीपाशी उभं राहिलं तर आवाज अजिबात बोचत नाही. पाहुण्यांना तिथेच उभं करू. प्रश्न सुटला.

२७ ऑगस्ट, संध्याकाळी ८.
आरतीला इंजिन सोडलं. काय देखणं धावलं! पहिल्या फेरीत आरती बुडाली, दुसरीत झांजा. बायकांनी कानांवर हात ठेवले. धोंडूने खुणेने बंद करायला लावलं आणि हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं.
पोराबाळांक सुखी ठेव म्हाराजा! सगळे म्हणाले, होय म्हाराजा!
शेताभाताक बरकत दी म्हाराजा! होय म्हाराजा!
आणि मास्तरांच्या इंजिनाचो आवाज कायमचो बंद कर रे म्हाराजा!
होय म्हाराजा!!
एवढा दणदणीत होकार या घरात कधी ऐकला नव्हता. यशोदाचा वेगळा कळत होता. ओघात मीही ओरडलो.

२८ ऑगस्ट.
इंजिन पेटत नाही. सकाळपासून तीनदा उघडलं. जेट तुंबला असेल, नळी वितळली असेल. योगायोग आहे. शास्त्रीय कारण सापडेलच.
यशोदाने देवापुढे पाच नारळ ठेवले. नवस बोलली होती म्हणे. देव पावला. फोडायला मलाच बसवलं.
पाचवा फोडताना रडू आलं. यशोदाने विचारलं, पाणी डोळ्यात गेला काय? हो म्हणालो.