संकष्टीचा उपमा

बॉथेल, अमेरिका, शुक्रवार

ती. आईस,
केतकीचा इथूनच वाकून नमस्कार.

फोनवर बाबा शेजारी असतात, म्हणून लिहितेय. मी मजेत आहे, थंडीही कमी झालीय. फक्त एक घोळ झालाय.

सासूबाई चेन्नईहून आल्यात. मुरली आईपुढे पुन्हा लहान झालाय. त्यांच्या तमिळ कॅलेंडरवरही काल संकष्टीच होती, म्हणून मी निर्धास्त होते. दुपारी माझी मीटिंग चालू असताना त्यांनी पुढे बशी ठेवली. म्हणाल्या, “उपवासाचं आहे.” मी न बघता दोन घास खाल्ले. रव्याचा उपमा! त्यांच्यात उपवासाला भात सोडतात, रवा चालतो म्हणे. मी साबुदाणा दाखवला तर म्हणाल्या, “याचं तर आम्ही सणाला पायसम करतो!”

बाबांसाठी बोललेल्या एकवीस संकष्ट्यांपैकी ही एकोणिसावी. आता ही धरायची, की पहिल्यापासून सुरू करू? गणपती तर एकच ना? मग त्यांचा उपवास मोडत नाही आणि माझा कसा मोडतो?

बाबांचा रिपोर्ट आला का? ‘ठीक आहे’ असं लिहू नकोस, आकडे लिही.

काल सासूबाईंना नवसाचं सांगितलं. आज सकाळी त्यांच्या कॅलेंडरवर पुढच्या संकष्टीभोवती लाल गोल दिसला, खाली तमिळमध्ये काहीतरी लिहिलेलं. मुरलीने वाचून दाखवलं: “रवा नको. साबुदाणा. दोघींना.”

तुझीच,
केतकी